भूल नको

३ मार्च
भूल नको म्हणून सांगून आलो! मोठ्या आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून बघणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भुलीशिवायही करतो, पण कळ येईल. येऊ दे. तीस वर्षं बस हाकली, वळणांना मी भीत नाही. माझी लेक ठकी वैतागली — हा कसला हट्ट म्हणे.

खरं कारण फक्त इथं लिहितो. भुलीत माणूस बरळतो. दादानं ऑपरेशननंतर साऱ्या घराची उणीदुणी काढली होती. मी शुद्धीवर येईन तेव्हा उशाशी ठकी असणार. वीस दिवसांची असताना तिला दत्तक घेतलं, हे तोंडून निसटलं तर? बायकोला शेवटच्या दिवशी शब्द दिलाय, कधी सांगणार नाही म्हणून.

९ मार्च
जुलाबाचं औषध. दिवसभर येरझाऱ्या. दुसरं काही नाही.

१० मार्च
झालं. दुसऱ्या वळणावर ब्रह्मांड आठवलं! सिस्टरनं एका हातानं पोट दाबलं, दुसऱ्यानं माझा हात धरला. दात आवळून पडलो. पडद्यावर शेंगदाण्याएवढी गाठ दिसली. तिथंच काढली, तपासायला पाठवली. तोंडून चकार शब्द गेला नाही.

१९ मार्च
गाठीत कॅन्सर निघाला. अगदी सुरुवातीचा, मुळासकट आलाय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दादा यातच गेला, तेही त्यांनी विचारून घेतलं. मग बाई ठकीकडे वळल्या — वडील, काका, म्हणजे रक्तातच आहे. चाळिशीच्या आत तुम्हीही तपासून घ्या.

ठकीला एकोणचाळीस चालू आहे. घरी आल्यावर पाहिलं, मोरीपाशी उभी राहून स्वतःचं पोट चाचपत होती.

माझ्या एका वाक्यानं तिची भीती जाईल. पण मग मी तिचा कोण?

२० मार्च
धीर झाला नाही. भित्रा!

२२ मार्च
सांगितलं. ती चहा गाळत होती. म्हटलं, "ठकू, तुला आम्ही दत्तक घेतलं. तुझ्या अंगात माझं रक्त नाही. तुला हा आजार माझ्याकडून यायचा नाही."

गाळणं हातात धरून उभीच राहिली. आईलाही हे लपवायचं होतं का, एवढंच विचारलं. मग पर्स उचलून तिच्या घरी निघून गेली. चहा तसाच राहिला.

२७ मार्च
फोन नाही. मीही करत नाही. कुठल्या तोंडानं करू?

२ एप्रिल
ठकी आली. तिच्या तपासणीचा फॉर्म भरून आणलाय. 'रक्ताच्या नात्यात हा आजार कोणाला?' त्यापुढे लिहिलंय — वडील. मी म्हटलं, खोड ते. तिनं पेन माझ्यापुढे धरलं. "तुम्हीच खोडा, बाबा."

मला खोडवेना.