धारेची वेळ

सेंट पॉल, २ मार्च १९७६

ती. लायनसदादास, सा. न. वि. वि.

शाळेच्या हॉलमधल्या बैठकीत शेजाऱ्यांनी तुला प्रतिनिधी निवडलं, तेही सिनेटर हॅलोरनचा! सख्खी बहीण गव्हर्नर प्रूइटच्या कचेरीत राबते आणि भाऊ विरोधी गोटात. आईने दोघांचेही कान उपटले असते.

आपल्या पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दोघांपैकी कुणाला, हे आता एकेका जिल्ह्यावर येऊन अडलंय. वीस तारखेच्या तुमच्या जिल्हा मेळाव्यातून दहा प्रतिनिधी पुढे जाणार, आणि आमचे टटलसाहेब त्या दहांसाठी रोज आकडे मांडतात. तुझी पाठ कशी आहे? संध्याकाळची धार अजून साडेचारलाच काढतोस का? तुझ्यासारखे गाईवाले किती जण येणार? सहज विचारते.

लोभ गटातटापलीकडचा आहे, तो तसाच राहू दे.

तुझी डेल्फीन

सेंट ओडिलिया, ८ मार्च

चि. डेल्फीस, अनेक आशीर्वाद.

पाठ कुरकुरते, पण चालतंय. बत्तीस गाई आहेत आणि धार साडेचारलाच. त्यांना तुझ्या गव्हर्नरचं घड्याळ कळत नाही. आम्ही गाईवाले सतरा जण, सगळे हॅलोरनचे. दुधाच्या भावाबद्दल तोंड उघडणारा तोच एक. मतदान दोनला आहे, म्हणजे चारपर्यंत सगळे गोठ्यात.

मी नवा टाय घेतलाय, हसू नकोस. तुझी वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच आरशात नीट बघून दाढी केली.

पत्र लिहीत जा. तुझं पत्र आलं की घरात कुणी बोलल्यासारखं वाटतं.

लायनस

सेंट ओडिलिया, २२ मार्च

चि. डेल्फीस, आशीर्वाद.

मतदान दोनला झालंच नाही. तुझे टटलसाहेब दर दहा मिनिटांनी उठायचे. हजेरी पुन्हा घ्या, नियम पुन्हा वाचा, आधीची मोजणी आम्हाला मान्य नाही. साडेचारपासून आमचा एकेक माणूस टोपी उचलून निघाला. मतदान लागलं सातला, तेव्हा सतरातला मी एकटा उरलो होतो. दहापैकी सहा जागा आमच्या हक्काच्या होत्या. मिळाल्या दोन, त्यातली एक माझी. घरी आलो तर गोठा हंबरून उठला होता. ट्रूडीची कास सुजली आहे, तिच्या दुधात अजून रक्त येतं.

मतदानाआधी टटल कुणाला तरी हसत म्हणाले की सतराही गाईवाले गेले, आता होऊ द्या. मी त्यांच्या मागेच उभा होतो, त्यांना दिसलो नव्हतो. सतरा हा आकडा मी फक्त तुला लिहिला होता. डेल्फे, ती तू नव्हेस, एवढं एका ओळीत कळव.

लायनस

सेंट पॉल, २६ मार्च

ती. दादास,

ती मीच. तुझी पाठ विचारली ती खरंच काळजीने, आणि बाकीचं टटलनी विचारायला सांगितलं होतं म्हणून. तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं नाही, दोनच ओळी वाचून दाखवल्या. टायचं आणि दाढीचं वाचलं नाही. त्या शनिवारनंतर कचेरीत माझ्या नावाने टाळ्या वाजल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रूइटच निवडून यावेत असं मला आजही वाटतं. पण तुझ्या गोठ्यातून वाट काढून नको होतं.

लोभ मागायला तोंड उरलं नाही.

डेल्फीन

सेंट ओडिलिया, ९ एप्रिल

डेल्फे,

दहा दिवस तुझं पत्र टेबलावर पडून होतं. फार राग आला. अजून आहे.

चोवीस एप्रिलला, शनिवारी, पुढचा मेळावा. तिथेही टटल उठणार आणि साडेचार वाजवणार. गडी मिळत नाही, शेजाऱ्यांना स्वतःच्या गाई आहेत. धार काढायचं यंत्र तेच आहे, तुला येतं ते. ट्रूडीची मात्र हाताने काढावी लागते, आणि ती लाथ मारते. लहानपणी गाई तुझ्या हाताला माझ्याआधी पान्हवायच्या.

काय ते कळव.

लायनस

सेंट पॉल, १४ एप्रिल

ती. दादास, सा. न. वि. वि.

टटलसाहेबांना सांगितलं की चोवीसला मी कामावर नाही. का, म्हणून त्यांनी विचारलं. भावाच्या गाई आहेत म्हटलं. आधी हसले, मग त्यांचं हसू गेलं. परत आल्यावर खुर्ची राहील की नाही, माहीत नाही.

शुक्रवारच्या बसने येते. तुझा टाय इस्त्री करून ठेवीन. लोभाचं नंतर बघू. शनिवारी कितीही वाजले तरी तू घड्याळाकडे बघू नकोस.

तुझी डेल्फीन