पस्तीस घोडे

अर्विंग, टेक्सस
४ फेब्रुवारी १९९४

ती. दादा,
सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं आली आणि उत्तर एकाचंही गेलं नाही, रागावू नकोस. यांच्यासमोर फोनवर मोकळं बोलता येत नाही, म्हणून लॅबमध्ये लंचच्या वेळात लिहितेय. सँडविच तसंच पडलंय.

यांच्या स्ट्रोकला आता चार महिने होतील. उजवा पाय थोडा उचलतात, उजवा हात अजून तसाच. शब्द सापडत नाहीत, पण आकडे मात्र बरोबर येतात. चहा हवा असेल तर हाताने दाखवतात, आणि क्रिकेटचा जुना स्कोअर विचारला तर सांगतात. थेरपिस्ट म्हणते, असं होतं.

फिजिओथेरपी बऱ्यापैकी चालली होती, ती गेल्या शनिवारपासून बंद आहे. यांचा मित्र राजीव भेटायला आला होता. तुला ठाऊक आहे, त्याची एकाहत्तरची फायरबर्ड आणि आमची बहात्तरची, इंजिन तेच चारशे पंचावन्न क्यूबिक इंचाचं. पण त्याच्या गाडीच्या कागदावर तीनशे पस्तीस हॉर्सपॉवर, आमच्या तीनशे. वीस वर्षं दर दिवाळीच्या पार्टीत तो यांना विचारत आलाय, की हेम्या, पस्तीस घोडे कुठे पळाले यार? शनिवारीही त्याने तेच विचारलं. हसवायलाच विचारलं बिचाऱ्याने. हे भिंतीकडे तोंड करून रडले. सोमवारी थेरपिस्ट आली तर खुर्चीतून उठेनात. डाव्या हाताने गॅरेजकडे बोट करायचं आणि तीनशे म्हणायचं, एवढंच चाललंय.

अनय ह्यूस्टनहून फोन करतो. त्याचं म्हणणं, मॉम, बी प्रॅक्टिकल. त्याने एक नर्सिंग होम बघून ठेवलंय. मीही जाऊन आले. स्वच्छ आहे. महिनाअखेर त्यांना कळवायचंय.

तू सगळा जन्म इंजिनांच्या टेस्ट रूममध्ये काढलास. ते पस्तीस घोडे खरंच कमी आहेत का, एवढं एकदा नीट लिही. यांना वाचून दाखवीन.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुवर्णा

ट्रॉय, मिशिगन
१४ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. सुवर्णास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथे बर्फ गुडघ्याएवढा आहे आणि माझा गुडघा त्याहून वाईट.

हे हेमचंद्ररावांना माझ्या नावाने वाचून दाखव. एकाहत्तरपर्यंत आम्ही इंजिन स्टँडवर उघडं ठेवून मोजायचो. पंखा नाही, अल्टरनेटर नाही, एअर फिल्टर नाही, सायलेन्सरच्या जागी मोकळे पाइप. म्हणजे ब्रह्मचारी इंजिन. बहात्तरपासून तेच इंजिन संसारासकट मोजायला लागले, गाडीत जे जे त्याच्या गळ्यात पडतं ते सगळं लावून. ताकद तीच, मोजायची रीत बदलली. त्याआधीही आकड्यांचं काही खरं नव्हतं. विक्री वाढवायला एखादा फुगवायचे, तर इन्शुरन्सवाले भडकू नयेत म्हणून एखादा मुद्दाम कमी लिहायचे. आम्ही कागदावर एक पाठवायचो, जाहिरातीत दुसराच छापून यायचा.

हे मी त्यांना त्र्याहत्तर साली तुमच्या डायनिंग टेबलवर सांगितलं होतं. मेव्हणा समजूत काढतोय असं त्यांना वाटलं. आताही तसंच वाटेल. म्हणून गाडीची चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायच्या फंदात पडू नका. तिथे मागच्या चाकांपर्यंत पोचलेली ताकदच मोजतात, आकडा अडीचशेच्याही खाली येईल आणि ते आणखी खचतील.

तुझं पत्र पुन्हा वाचलं. त्यात हेमचंद्रराव आहेत, राजीव आहे, अनय आहे. तू कशी आहेस हे कुठेच नाही. ते लिही.

माया आहेच, कळव तेवढं.

जगन्नाथदादा

अर्विंग
२७ फेब्रुवारी १९९४

ती. दादा,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दाखवलं. ब्रह्मचारी इंजिनाला किंचित हसले, मग मान हलवून तीनशेच म्हणाले. तू ओळखलंस तसंच झालं.

मग मी तुझं ऐकलं नाही. राजीवला फोन केला आणि म्हटलं, तुझी गाडी घेऊन गार्लंडच्या वर्कशॉपमध्ये ये, दोन्ही एकाच रोलरवर चढवू. चेष्टा यांना इतकी लागली असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आमची गाडी मीच ड्राइव्ह करते, त्याने फक्त मेकॅनिक पाठवून ती चालू करून द्यावी, असं सांगितलं. का, ते मलाही सांगता येणार नाही. बावीस वर्षांत मी तिच्या स्टीअरिंगला हात लावला नव्हता.

काल सकाळी यांना शेजारी बसवून निघाले. क्लच इतका जड, की पहिल्याच सिग्नलला माझी मांडी थरथरायला लागली. सेकंड गिअर काही पडेना, इंजिन बंद पडलं, मागे हॉर्न सुरू झाले. मला रडू कोसळलं, दादा. चार महिन्यांचं एकदम. तेवढ्यात यांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर आला. त्यांनी माझ्या पायाकडे बघून मान हलवली. मी क्लच दाबला, त्यांनी गिअर टाकला. पुढे गार्लंडपर्यंत तसेच गेलो. मी पाय, ते हात. चुकलं की ते जीभ टाळ्याला लावून चक् करायचे, पूर्वी माझ्या पोळ्यांना करायचे तसं.

रोलरवर आमची आली दोनशे सव्वीस. यांचा चेहरा पडला. मग राजीवची चढली आणि आली दोनशे एकोणतीस. राजीवने पुन्हा मोजायला लावली, तरी तेवढीच. यांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली आणि राजीवच्या नाकासमोर धरली. तोंडाने म्हणाले, तीन. मग, पस्तीस नाही. दादा, ऑक्टोबरनंतरचं त्यांचं हे पहिलं वाक्य. राजीव त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होता की रडत होता, मी बघितलं नाही.

घरी गॅरेजमध्ये गाडी घातली, इंजिन बंद केलं, आणि आता यांना उतरवायचं, व्हीलचेअर आणायची, जेवण गरम करायचं, असं मनात म्हणता म्हणता तिथेच सीटवर माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. आत फोन वाजून वाजून थांबला असणार, आन्सरिंग मशीनवर अनयचे तीन मेसेज होते. यांनी मला उठवलं नव्हतं. स्वतःच्या अंगावरची शाल एका हाताने ओढून काढून माझ्यावर घातली होती, आणि हे नुसत्या शर्टात, थंडीने गारठलेले, समोर बघत बसले होते.

नर्सिंग होमला होकार कळवला नाही. अनयला सांगितलं, अजून नाही, कायमचं नाही असंही म्हणत नाही. थेरपिस्ट उद्यापासून पुन्हा येईल, हे तयार आहेत.

तू विचारलंस मी कशी आहे. मी फार थकले आहे, दादा. सकाळी बूट घालताना पलंगावर बसते ती उठवत नाही. हे कोणाला सांगितलं नव्हतं. बर्फ वितळला की महिनाभर येशील का? तुझा गुडघा दुखतो हे माहीत असूनही विचारतेय.

लोभ पत्रातून पुष्कळ झाला, आता समक्ष असावा.

तुझी,
सुवर्णा

ट्रॉय
५ मार्च १९९४

चि. सुवर्णास,
आशीर्वाद.

बर्फ वितळायची वाट बघत नाही. शुक्रवारी दुपारच्या फ्लाइटने डॅलसला उतरतोय. एअरपोर्टवर येऊ नकोस, टॅक्सी करीन. दार उघडं ठेव आणि झोपून राहा.

जगन्नाथदादा