बंद पडूनही ढकलणाऱ्या इंजिनाविषयी

ती. मामांना भाच्याचा सा. नमस्कार.

इकडे सगळे खाऊन-पिऊन आहेत. खुशाल म्हणण्याचं धाडस होत नाही. तुमच्या गुडघ्यांची चौकशी करणार होतो, पण कालच तुम्हाला ऑफिसचे जिने चढताना पाहिलं.

परवाच्या उड्डाणाचं तुम्हाला ठाऊकच आहे (निवृत्त होऊन वर्ष झालं तरी पहिल्या रांगेत तुम्हीच होतात). तरी लिहितो, नाहीतर मनातून जाणार नाही. रॉकेट झकास उठलं. खालच्या टप्प्याचं इंजिन बंद झालं, जोडणीचे बोल्ट तुटले, स्प्रिंगांनी दोन्ही टप्पे दूर लोटले. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण बंद झालेलं इंजिनही थोडा वेळ धुगधुगत राहतं, तसं ते या खेपेला अंदाजापेक्षा जास्तच धुगधुगलं. सुटलेला खालचा टप्पा मागून आला आणि वरच्याच्या बुडावर आदळला. वरचा कोलांट्या खात समुद्रात गेला. टाळ्या वाजवणाऱ्या हातांचं काय करावं कुणाला कळेना (साहेबांनी खिशात घातले).

काल आमच्याच खोलीत चौकशी झाली. साहेबांनी मला विचारलं, "काम संपलं की खालच्याने मागे राहायला नको का?" मी म्हटलं, हवं. मग ते बराच वेळ कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत राहिले. तिथे तुम्ही माझा आलेख खोडून नवा काढत होतात (तोही चुकला आहे, पण ते जाऊ दे). मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा भाचा

ता. क. खरं सांगायचं राहिलंच. तुमचा गेटपास रद्द झाला आहे, पण गेटवरचे तुम्हाला अडवणार नाहीत, म्हणून तो परत घ्यायचं माझ्यावर आलं आहे. सोमवारपासून येऊ नका. तुम्ही आलात तर माझी बदली गोदामात होईल. बोट धरून मला इथे आणलंत तुम्ही, म्हणून तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही.

आणखी ता. क. मामींशी आधी बोललो. त्या म्हणाल्या, "अरे, सुरुवातीला घरी होते ना, तेव्हा बूट घालून दिवसभर खिडकीशी बसायचे. ते मला पुन्हा दाखवू नकोस."

शेवटचा ता. क. पत्र घरी पाठवलं तर मामी तुमच्या हाती पडू देणार नाहीत. म्हणून ते तुमच्या टेबलावर ठेवतो आहे. सोमवारी आलात की निवांत वाचा.