सीमाताईला शिकवायला आणलं

४ मे, उमरी.
लातूरहून सुट्टीला आलो. घरात मी अजून पूजा. क्लासच्या दोस्तांत पृथ्वी. संतोषनं, म्हणजे मोठ्या भावानं, माझ्या मोबाईलमधले मेसेज वाचले. पट्ट्यानं मारलं. आबा, म्हणजे वडील, दारात उभे. म्हणाले, "तोंडावर नको. पोरीला लातूरला परत जायचंय." पाठ टेकववत नाही. पालथा पडून लिहितोय.

७ मे.
आबांनी नांदेडहून एक बाई आणली. सीमा. तिकडं लॅबमध्ये रक्त काढते. काही वर्षं पोरगा म्हणून राहिली, पुरुषी हार्मोनच्या सुया घेतल्या, छातीचं ऑपरेशन केलं, मग परत फिरली, बाई म्हणून राहू लागली. आबा: "हिच्याकडनं शीक." मी स्टीलचा गिलास फेकून मारला. तिची भुवई फुटली. ओढणीनं रक्त दाबत ती बसून राहिली. आवाज पुरुषाचा, जाड. "मी बी फेकला असता," म्हणाली.

९ मे.
ती परत आली. टाके पडलेत. आबा-संतोष बाजारात गेले होते. मीच विचारलं, पस्तावली का?
"छातीचा पस्तावा हाय. आवाजाचा न्हाई. घरात रोज मार. मला वाटायचं, हे अंग बदललं की मार थांबंल. अंग कुणाला नको होतं, मला का त्यांला, हे इचारायला उसंतच न्हाई भेटली."
मग मी पण चुकतोय का?
"तुझं मला काय ठाऊक? घाई नको, एवढंच. अन् त्यांच्या मारानं थांबूबी नको."
रागच आला. मला हो किंवा नाही पाहिजे होतं.

१० मे.
आबांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, समजावलं का? ती म्हणाली, "माझं सांगितलं. तिचं, त्याचं, जे असंल ते, त्याला ठरवू द्या." संतोषनं बाजेचा सुटलेला लाकडी पाय उचलला. तिनं डोक्यावर हात धरला. हाड मोडल्याचा आवाज मला आला. दुसरा घाव पडायच्या आत मी इस्त्री उचलली अन् त्याच्या खांद्यावर हाणली. गरम होती. आई किंचाळत होती, कुणासाठी ते कळलं नाही. सीमाताईला धरून स्टँडवर.

११ मे, नांदेड.
तिच्या हाताला प्लास्टर. हवालदार दवाखान्यात आला. आबांचा फोन आधीच: "जिन्यावरून पडली म्हण. लातूरची फी भरतो. न्हाईतर घर संपलं."
मी सगळं सांगितलं. इस्त्रीचंही. हवालदारानं आधारवरून नाव लिहिलं, पूजा. लिहू दिलं.

१३ मे.
तिच्या खोलीवर. डाव्या हातानं भात कालवत होती, सांडत होती. विचारलं, मी पण परत फिरलो तर?
"तर परत फीर. जेव आता."
आईचा फोन. संतोषला ठाण्यात बसवलंय, त्याचा खांदा पिकलाय. तक्रार मागं घे म्हणाली. मग हळूच, "पाठीला तेल लावलं का?"
अजून ठाण्यात गेलो नाही. तेल मात्र सीमाताईनं डाव्या हातानं लावलं.