काळुराम साहेबांची स्ट्रेस टेस्ट

रविवार, २ फेब्रुवारी
उद्या इंटरव्ह्यू. पाइपांची कंपनी, मानपाडा, डिस्पॅच सुपरवायझर. घरी बसून पाच महिने झाले. बायकोच्या पगारावर घर चालतंय हे समिधा बोलून दाखवत नाही. पण आज भाजी काय आणू, हेही मला विचारत नाही आता.
उद्यापासून नवा अनिश. ताठ बसायचं. कोणी आगाऊपणा केला तर तिथल्या तिथे सुनवायचं. वाक्य पाठ केलंय: सर, धिस इज नॉट प्रोफेशनल.

सोमवार, ३ फेब्रुवारी
मानपाडा दोन आहेत. एक ठाण्यात, आमच्या वर्तकनगरपासून रिक्षाने पंधरा मिनिटं. दुसरं डोंबिवलीत. ठाण्याच्या मानपाड्यात मी वेळेआधी हजर होतो. कंपनी डोंबिवलीची. ईमेलमध्ये डोंबिवली ईस्ट लिहिलंय म्हणा, पण शेवटच्या ओळीत! चूक त्यांचीच.
दीड तास उशीर झाला. त्यांनी वर दोन तास बाकावर बसवलं. शेजारी टिटवाळ्याची करिश्मा नावाची मुलगी, अनुभव जेमतेम दोन वर्षं. आत गेली, पाच मिनिटांत बाहेर. वाईट वाटलं बिचारीचं.
मग मी. इंटरव्ह्यू घेणारे काळुराम साहेब फोनवर. गुरुवारी पुतणीची हळद, डीजेवाल्याशी भांडण चाललेलं. बोलता बोलता माझा रेझ्युमे उलटा केला आणि त्यावर वडापाव ठेवला. मध्येच मला विचारलं, मूलबाळ नाही का रे, डॉक्टरला दाखवलं का. तळपायाची आग मस्तकात गेली! मी म्हणालो, सर, धिस इज. ते म्हणाले, काय? मी म्हणालो, धिस इज नाइस ऑफिस.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
समिधा म्हणाली, तोंडावर सांगून उठायचं होतंस. ती बारा वर्षं नोकरी करतेय, पण तिला कॉर्पोरेट कळत नाही. यूट्यूबवर बघितलं. याला स्ट्रेस इंटरव्ह्यू म्हणतात. मुद्दाम अपमान करायचा आणि माणूस किती शांत राहतो ते बघायचं. मी तर वडापाव संपेपर्यंत शांत होतो. पहिला राऊंड क्लिअर!

बुधवार, ५ फेब्रुवारी
साहेबांचा स्वतःहून फोन!! म्हणे हळदीत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या धवलारीणबाईंचा घसा बसलाय, ओळखीत कोणी आहे का. सोर्सिंग स्किल तपासतायत, लगेच ओळखलं. दिवसभर वणवण. शेवटी कोलशेतला जया आजी सापडल्या, वय ऐंशी. येत नव्हत्या. पाया पडलो. निगोशिएशनमध्ये चालतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
काल हळद दणक्यात झाली. आजींनी मांडव गाजवला. मी ब्लेझर घालून चारशे माणसांना मटण वाढलं. टीम हँडलिंग. करिश्मा कुठे दिसली नाही, म्हणजे स्पर्धेतून बाहेर पडली.
ब्लेझरला हळद लागलीय. लाँड्रीवाला म्हणतो, निघणार नाही. समिधाने ब्लेझर बघितला, मला बघितलं, आणि कोपरापासून हात जोडले. इम्प्रेस झाली असावी.

सोमवार, १० फेब्रुवारी
ऑफर लेटर घ्यायला गेलेलो. डिस्पॅचच्या टेबलावर करिश्मा. एका ट्रकवाल्याला झापत होती आणि तो मान खाली घालून ऐकत होता.
साहेब म्हणाले, ही पोरगी पहिल्याच दिवशी बोलली, आधी फोन ठेवा, नाहीतर मी निघते. डिस्पॅचला असंच माणूस पाहिजे, गाडीवाले कोणाला जुमानत नाहीत. तू जाम चांगला आहेस रे अनिश, पण तुला कोण पण काय पण सांगतंय. पाठीवर हात ठेवून, अगदी प्रेमाने म्हणाले. तेच जास्त लागलं. बाहेर येऊन पाण्याच्या पिंपाशी उभा राहिलो थोडा वेळ.
ते मागून आले. म्हणे, रविवारी नातवाचं बारसं आहे, पन्नास खुर्च्यांचं बघशील का. उद्या कळवतो म्हणालो. उद्या फोन करून स्पष्ट नकार देणार. समिधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जमेल तुला? जमेल म्हणजे काय! वाक्य पाठ आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी, दुपार
खुर्च्या साठ लागल्या.