प्राचीची न दिलेली फाईल

मी, सुकदेव चिंधा बिऱ्हाडे, वय ७१, धंदा शिवणकाम (डोळ्यांमुळे बंद), राहणार पिंप्राळा, जळगाव, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. साखर वाढलेली आहे, डोके ठीक आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नीचा आहे, पण तो बेचाळीस वर्षे जुना असल्यामुळे कायद्याने धरता येत नाही, असे वकीलसाहेबांचे मत पडले.

१. पिंप्राळ्याचे राहते घर मी स्वतःच्या कमाईने बांधले. माझ्यामागे पत्नी लताबाई हयात असेपर्यंत त्यात राहील. तिच्यानंतर घर एकट्या मुलीचे, म्हणजे प्राचीचे. मुलगा आकाश याने रुसू नये. त्याचा वाटा पुण्याला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये, रूमभाड्यात आणि मेसमध्ये देऊन झाला आहे, आणि तो मी आनंदाने दिला. पहिल्या वर्षी तो दोन विषयांत राहिला, तेव्हा मी त्याला एका शब्दाने बोललो नाही. गल्लीत सांगितले की पेपरच अवघड होते.

२. कटिंगच्या टेबलाच्या खालच्या खणात, अस्तराच्या तुकड्यांखाली एक निळी फाईल आहे. ती प्राचीला द्यावी. ती काय आहे, ते आता लिहितो.

प्राची बारावीला होती ते साल २०११. राखीव जागेवर प्रवेश मिळवायचा तर जात पडताळणीचा दाखला लागतो, आणि त्यासाठी जुना पुरावा. आमच्याकडे माझ्या वडिलांचा, चिंधा बिऱ्हाडे यांचा, शाळा सोडल्याचा दाखला होता. तिसरी नापास, सन १९४१. आमच्या घराण्यात एवढा कामाला आलेला नापास दुसरा कोणी नाही. आकाशच्या वेळी त्याच दाखल्यावर मी चार महिने आधी फाईल दिली होती आणि आवक क्रमांकाची चिठ्ठी दाखला हातात येईपर्यंत खिशात घेऊन फिरलो होतो.

प्राचीची फाईल घेऊन मी मुदतीच्या शेवटच्या दिवशी रांगेत उभा राहिलो. पुढे नऊ माणसे होती. तेवढ्यात आकाशचा फोन आला, की मेसचे पैसे आज भरले नाहीत तर उद्यापासून जेवण बंद. फैजपूरच्या एका दुकानदाराकडे युनिफॉर्मची मजुरी अडकली होती. मी रांग सोडली आणि फैजपूरची बस धरली. घरी येऊन सांगितले, "दिली फाईल."

पोराच्या जेवणाचा प्रश्न होता, असे मी मनाला चौदा वर्षे सांगत आलो. ते अर्धेच खरे आहे. प्राचीचा मेडिकलला नंबर लागेल, असे मला वाटलेच नव्हते. हे एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

नंबर लागला. धुळ्याला. तिथे देवपूरला मावशीकडे, म्हणजे सुंदरबाईकडे राहायचे, इथपर्यंत ठरले होते. दाखला नाही म्हणून जागा गेली. कचेरीने फाईल हरवली, असे मी सांगितले. पोरगी आठ दिवस अंथरुणावर पडून राहिली, मग उठली आणि बी.एस्सी.ला गेली. आज ती त्याच देवपुरात लॅबमध्ये लोकांचे रक्त तपासते आणि माझ्या औषधांचे पैसे दर महिन्याला पाठवते. मला लाज वाटते.

३. बँकेतील मुदत ठेव प्राचीच्या फीसाठी आहे. तिने काय शिकायचे, ते तिने ठरवावे. वयाची अट नाही. दोन विषयांत राहिली तरी चालेल. हे पैसे तिने नवऱ्याच्या गाडीसाठी किंवा मुलांच्या फीसाठी वापरू नयेत. मुलांची फी मुलांच्या बापाने बघावी.

४. पडताळणीच्या कचेरीत तेव्हा कारकून असलेले योगराज महाजन यांना मी पुतण्याच्या लग्नात, भर पंगतीत, "फाईलखाऊ" म्हणालो. ते गृहस्थ म्हणाले, "नाना, आवक रजिस्टरला तुमचे नावच नाही हो." मी म्हणालो, खोटारडा. नंतर कळले, की त्यांनी दोन रविवार कचेरीत जाऊन कपाटे उपसली होती. त्यांना माझी नवी छत्री देणार होतो, पण या कागदाला साक्षीदार तेच आहेत, आणि साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, असे वकीलसाहेब म्हणाले. म्हणून फक्त माफी. ती मी समक्ष मागितली. ते एवढेच म्हणाले, "हा कागद मात्र सह्या झाल्या की मीच नेतो रजिस्ट्रीला. तुमचा भरवसा नाही."

५. शिलाई मशीन आणि मोठी कात्री आकाशला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, असे तो म्हणेल. जागा करावी. कात्रीने कागद कापू नये.

६. मी विहारात मुलींच्या शिक्षणावर तीनदा भाषण केले आहे. टाळ्याही घेतल्या आहेत. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी "मुलीला शिकवणारा बाप" असे कोणी बोलू लागल्यास माईक काढून घ्यावा.

इथपर्यंत लिहून पाकीट बंद करण्याचा माझा विचार होता. लताबाई धुळ्याकडची आहे. तिला वाचून दाखवले, तर ती म्हणाली, "मरीसन सांगशात त्याना काय उपेग? पोरले बलावा, आते सांगा." मेल्यावर सांगणे म्हणजे फाईल पुन्हा त्याच खणात ठेवणे, हे मलाही पटले.

प्राची आज सकाळच्या बसने आली. तिने हे सगळे उभ्यानेच वाचले. लताबाईने चहा ठेवला होता, तो तिने घेतला नाही. मी म्हणालो, "बाई, काहीतरी बोल. शिव्या दे." ती म्हणाली, "आबा, फाईल कुठे आहे?"

मी खण उघडून दिला. आजोबांचा दाखला, तिचे बोनाफाईड, माझे प्रतिज्ञापत्र, असा एकेक कागद तिने लॅबमधल्या रिपोर्टसारखा तपासला. शेवटी अर्ज काढून माझ्यासमोर ठेवला.

"यावर पालकाची सही नाही," ती म्हणाली. "दिली असती, तरी परत आली असती."

ते मला आजपर्यंत माहीत नव्हते. आकाशच्या अर्जावर मी तीन ठिकाणी सह्या केल्या होत्या.

तिने पर्समधून पेन काढून दिले आणि डोळे पुसत खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी आधी तिच्या अर्जावर सही केली, आजची तारीख घालून. त्याच पेनने या मृत्युपत्रावर खाली सही करीत आहे.

लिहून ठेवणार: सुकदेव चिंधा बिऱ्हाडे (सही)

आमच्यासमोर सही केली म्हणून साक्षीदार:
१) योगराज महाजन, सेवानिवृत्त कारकून (सही)
२) दिपमाला तायडे, शेजारी (सही)

ठिकाण: पिंप्राळा, जळगाव
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार