बाटलीकडून बाटल्याकडे

१६ सप्टेंबर २०२५, मंगळवार. टोकावडे

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मधल्या तीन वर्षांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही, कारण मी अध्यक्ष नव्हतो.

शहापूरला ओझोन दिनाचा कार्यक्रम होता. ताईची समीक्षा बोलणार होती म्हणून गेलो. भाची न्हावाशेवा बंदरात कस्टमची इन्स्पेक्टर आहे. हॉलमध्ये निम्मी शाळेची मुलं, निम्मे वडापावला आलेले. समीक्षाने सांगितलं की आभाळात ओझोनचा थर असतो, आणि फ्रीज-एसीतले जुने गॅस हवेत सुटले की तो विरत जातो. त्या गॅसवर आता जगभर बंदी येत चाललीय, म्हणून तो चोरून आणतात. बाटल्यावर, म्हणजे सिलिंडरवर, परवानगीच्या गॅसचं लेबल आणि आत बंदीतलं रसायन.

रसायन. हा शब्द ऐकला आणि माझा कणा ताठ झाला. नऊ वर्षं दारूबंदी समितीचा अध्यक्ष म्हणून मी रसायनच पकडलं. माळशेजच्या पायथ्यापर्यंत हातभट्टीचं रसायन कुठे मुरतंय ते मी नुसत्या वासावर सांगायचो. पेपरात यायचं, 'चारशे लिटर रसायन जागीच नष्ट', शेजारी पिंप उलटं करताना माझा फोटो. मग ग्रामसभेने 'नव्या माणसाला संधी' म्हणून मला काढलं. नवा माणूस दोनदा भट्टीवर गेला. दोन्हीदा त्याला उचलून आणावं लागलं.

शेवटी मी उभा राहून विचारलं, पकडलेलं रसायन नष्ट कोण करतं? समीक्षा म्हणाली, त्याची प्रक्रिया वेगळी असते, आणि पुढे बराच वेळ काही सांगत होती. 'प्रक्रिया वेगळी' एवढं लिहून घेतलं. तेवढ्यात वडापाव आले.

संकल्प: शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतून एकही चोरटा बाटला पुढे जाऊ द्यायचा नाही. 'बाटलीकडून बाटल्याकडे' हे घोषवाक्य मला परतीच्या एसटीत सुचलं, उभ्याने.

१७ सप्टेंबर

दारूबंदी समितीची दोनशे लेटरहेडं शिल्लक आहेत. 'दारू'वर पट्टी चिकटवून 'ओझोन' लिहिलं. झाली ओझोनबंदी समिती. प्रेमा म्हणाली, "म्हंजे ओझोन बंद करनार का तुमी?" बायकोला चळवळीतलं कळत नाही.

१९ सप्टेंबर, दुपारी २

अर्धा तास आभाळाची पाहणी केली. भोक दिसलं नाही, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. डोळे मात्र भयंकर चुरचुरताहेत. अतिनील किरण, दुसरं काय. प्रेमाचं म्हणणं, मिरच्या निवडल्यावर हात धुतले नव्हते.

२२ सप्टेंबर

सरकारदरबारी अर्ज दिला. 'आमच्या भागातून आंतरराष्ट्रीय रसायनाची चोरटी वाहतूक होत असल्याचा दाट संशय आहे, तरी त्वरित कारवाई व्हावी.' पोच घेतली. पोच घेणारा म्हणाला, अध्यक्ष, बऱ्याच दिवसांनी. 'माजी' म्हणाला नाही. याची नोंद असावी.

२६ सप्टेंबर

कारवाई झाली, पण भलतीच. अर्ज टेबलावरून टेबलावर सरकत दारूवाल्या खात्यात गेला. तिथे सगळं सोडून 'रसायन' तेवढं वाचलं. आज सकाळी गाडी आली ती थेट नवसूच्या पाड्यावर. नवसूच्या आईने घरामागे मोहाचं मडकं पुरलं होतं, ते फोडून गेले.

नवसू म्हणजे ज्याच्या इको गाडीवर माझी सगळी चळवळ फिरते तो. नाक्यावर चार लोकांत म्हणाला, "अध्यक्ष, तुमचं आभाळ ऱ्हायलं वरच, पन माजे आयचं मडकं फोडलंत ना तुमी. आता जावा चालत." मी त्याला क्लोरीन समजावत होतो. त्याचा एक कण ओझोनचे लाखभर कण खातो. तो म्हणाला, "माजी आय एवढीशी पिते, कनाचं कशाला सांगता मला?" आणि गाडी घेऊन गेला.

यापुढे एसटी. मोठ्या कामात जवळची माणसं आधी सुटतात. मी डगमगणारा नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

ताई आणि समीक्षा सोनं द्यायला आल्या. ताई चुलीपाशी प्रेमाला सांगत होती की पोरगी आठ महिने नीट जेवली नाही. एकाच केसमागे आहे. पहिलीच मोठी केस, ती उभी राहिली तर तिचं नाव होईल. नाही राहिली तर 'बाईमाणसाला झेपत नाय' म्हणायला चार जण टपलेलेच आहेत.

जेवणानंतर समीक्षा फोन घेऊन फणसाखाली गेली. मी भिंतीच्या अलीकडे होतो, सहज, वीस मिनिटं. ती म्हणत होती, "वाशिंदचं गोदाम. भगीरथचंच. नाही, अजून कुणी हात लावायचा नाही. माल घ्यायला कोण येतं ते बघायचंय, तो पंधरवड्यात येईल. बाटले जसेच्या तसे मिळाले पाहिजेत. आतला गॅस तपासला तरच केस, नाहीतर आपल्याकडे काहीच नाही."

मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. म्हणाली, "मामा, तुम्ही काही ऐकलेलं नाही." मी म्हटलं, अजिबात नाही.

रात्री विचार केला. 'हात लावायचा नाही' हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. प्रत्येक मोठ्या भट्टीच्या बाबतीत मला हेच सांगितलं गेलं होतं. पोरीवर वरून दबाव आहे. उघड बोलता येत नाही बिचारीला, म्हणून तर मामाला ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर बोलली. आणि वर 'तुम्ही ऐकलेलं नाही', म्हणजे गुप्तता पाळा. रक्ताची माणसं इशाऱ्यावर चालतात.

४ ऑक्टोबर, वाशिंद

टेहळणी. टोकावडे ते मुरबाड एसटी, तिथून शहापूर, तिथून वाशिंद. कंबर मोडली. नव्या बिल्डिंगांच्या मागे निळ्या शटरचं गोदाम. दारात खुर्ची टाकून भगीरथ स्वतः बसलेला, कपाळाला गंध. काय पाहिजे विचारलं. मी चपळाईने म्हटलं, फ्लॅट बघतोय. माणूस अट्टल. पाणी दिलं आणि एजंटचा नंबर दिला.

संध्याकाळपासून एजंटचे सहा फोन. वन बीएचके, रस्त्याला लागून. टोळीचं जाळं मोठं दिसतंय.

१० ऑक्टोबर

बाळीबाईला भेटलो. दारूबंदीतली माझी सगळ्यात जुनी कार्यकर्ती, तिने फोडलेल्या मडक्यांची गणती नाही. म्हणाली, "रसायन हाय?" मी म्हटलं, रसायन आहे. "किती?" ट्रकभर. तिने पदर खोचला. पुढे एक प्रश्न नाही. निष्ठा याला म्हणतात. सात बायका तयार आहेत. मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवणारा शेखरही येतोय.

१२ ऑक्टोबर

प्रेमाला कुणीतरी सांगितलंच. म्हणाली, "पोरीला इचारलंत का?" मी म्हटलं, गुप्त कारवाई विचारून होत नसते. "केस तिची हाय ना? मंग तिलाच करू द्या." तिचे हात बांधलेले आहेत, मी म्हटलं. त्यावर प्रेमा म्हणाली, "तिचे बांधलेत तर तुमीबी आपले बांधून घ्या. गो बाय, आठ म्हैने उपाशी ऱ्हायली ती."

ही राजकारणात जायला हवी होती. विरोधी पक्षात.

मी मागे हटणार नाही. उद्या पोरीचं नाव पेपरात येईल, तेव्हा हीच पेढे वाटेल.

१५ ऑक्टोबर, बुधवार. वाशिंद

दुपारी १२.१०. वॉचमन जेवायला बसला होता. बाळीबाईला आणि तिच्या हातातल्या काठीला बघून डबा उघडाच टाकून पळाला. आत खोकी. खोक्यांत त्रेचाळीस बाटले, कळशीएवढे. वर इंग्रजी आणि आणखी एक चौकोनी लिपी. बाळीबाईने एक हुंगला. म्हणाली, "दादा, याला वास नाय." मी म्हटलं, फॉरेनचं आहे.

१२.२५. वॉचमन रस्त्यावरून फोन लावताना दिसला. म्हणजे अर्ध्या तासात भगीरथची माणसं येऊन माल हलवणार, आणि समीक्षा बसणार हात चोळत. निर्णय मलाच घ्यायचा होता. एका मिनिटात घेतला. नऊ वर्षांचा नियम आहे. रसायन पकडलं की जागीच नष्ट.

कोंडलेल्या जागी गॅस सोडला तर माणूस गुदमरतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून सगळे बाटले आधी अंगणात आणायला लावले, मोकळ्या आभाळाखाली. नेत्याला एवढं भान लागतं.

मग चाव्या फिरवल्या. सूं असा आवाज, पांढरा धूर सरळ वर. ऑक्टोबरच्या उन्हात बाटल्यांवर बर्फ धरला. बायकांची बोटं बधिर झाली, पदर गुंडाळून गुंडाळून धरत होत्या, पण एकीने काम सोडलं नाही. घोषणा जुनीच दिली, उभी बाटली आडवी करा. बाटला म्हणा असं सांगून पाहिलं, चालीत बसेना.

२.३५. शेवटचा बाटला संपला. भगीरथचं कुणी फिरकलंच नाही, घाबरले. प्रत्येक उलटा करून झटकून घेतला. अर्धवट काम मला आवडत नाही. शेखरच्या कॅमेऱ्यासमोर म्हणालो, "त्रेचाळीस बाटले. एक थेंबही शिल्लक ठेवला नाही. हे आम्ही ओझोनसाठी केलं." आवाज अजून तसाच आहे माझा.

५.००. शेखरचा व्हिडिओ बघून समीक्षा आली, सोबत चार जण. माझ्याशी न बोलता अंगणात गेली. एक बाटला उचलून हलवून बघितला. मग दुसरा. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस हलवले. मी म्हटलं, अगं कशाला दमतेस, मी स्वतः तपासलेत, सगळे रिकामे आहेत. ती तिथेच जमिनीवर बसली. फार आनंद झाला की माणूस गप्प होतो.

१७ ऑक्टोबर

न्हावाशेव्याला जबाब. समीक्षाला आत येऊ दिलं नाही, नातेवाईक म्हणून. दुसरा साहेब होता, मराठीच. मी सविस्तर सांगितलं, २०१३ पासून. त्याने एवढंच विचारलं, गॅस कुठे गेला? मी म्हटलं, वर. त्याने लिहिलं, 'वर'. सही करा म्हणाला.

बाहेर पायरीवर समीक्षा उभी होती. म्हणाली, "मामा, मी शहापूरला सांगितलं होतं. पकडलेला गॅस भट्टीत जाळतात, खूप तापलेल्या, तेव्हाच तो संपतो. चोराने विकला असता तर थोडाथोडा वर गेला असता. तो जाऊ नये म्हणून आठ महिने बसले होते मी. तुम्ही दोन तासांत सगळा पाठवलात." ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं.

भट्टी हा शब्द तिने तेव्हा नीट, मोठ्याने उच्चारायला हवा होता. भट्टी म्हटल्यावर मी लक्ष दिलं असतं.

तरी मुद्दा राहतोच. भगीरथलाही तो मिळाला नाही.

घरी आल्यावर प्रेमाने जेवायला वाढलं. मला वाईट वाटतंय. जबाबाचं नाही, पायरीवरचं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. शहापूर

शेखरचा व्हिडिओ एक लाख लोकांनी बघितला. एसटीत दोघांनी ओळखलं. एकाने जागा दिली. त्या भरात ताईच्या घरी पोचलो.

समीक्षा घरीच होती. माल घ्यायला येणारा माणूस आता कशाला येतो. तिच्याकडून केस काढली, गेटवर पास तपासायला बसवलंय. भगीरथच्या वकिलाने अर्ज केलाय की आमच्या अशिलाचा कायदेशीर गॅस जमावाने नासवला, लेबलं बघा, आत दुसरं काही होतं याला पुरावा काय? सोबत शेखरचा व्हिडिओ जोडलाय. माझं वाक्य टाइप करून, खाली रेघ मारून. एक थेंबही शिल्लक ठेवला नाही. नुकसानीत त्रेचाळीस बाटले त्याने माझ्याच तोंडून मोजून घेतलेत.

मी म्हटलं, आपण वरच्या कोर्टात जाऊ. समितीच्या लेटरहेडवर. 

ताईने पाट मांडला. टोपी नीट केली, टिळा लावला. ओवाळताना दरवर्षीप्रमाणे म्हणाली, "इडापिडा टळो," आणि ताम्हन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. आतल्या खोलीतून समीक्षा हसली. किती दिवसांनी हसली पोरगी, म्हणून मीही मोठ्याने हसलो. ताईही हसली, मग डोळे पुसत आत गेली.

छान वाटलं. चिवडा बांधून घेतला आणि पाचच्या गाडीत बसलो. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं, याचा विचार करत होतो. समजलं तेव्हा गाडी मुरबाडला आली होती.